रक्तात न सापडलेला गहू

लॅबमध्ये काम करते म्हटलं की बायका पहिल्यांदा विचारतात, रक्ताची किळस येत नाही का? खरं तर रक्त तिथे फार वेळ दिसतच नाही. नळीत भरून येतं, थोडा वेळ उभं राहतं, मग एका गोल मशीनमध्ये गरगर फिरतं. बाहेर काढतात तेव्हा सगळा लाल भाग तळाशी बसलेला असतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी. तपासायचं असतं ते बहुतेक त्या पाण्यात. पहिल्या दिवशी मी हे बघितलं आणि हातातला पोछा तसाच धरून उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, माणसाचं सगळं काही त्या लाल रंगात असतं.

सिल्वासाच्या आमली भागातल्या लॅबमध्ये मी सकाळी झाडते, पुसते, काचेचं सामान धुते. नवरा गेल्यावर मुलाच्या मागे खानदेशातून सिल्वासाला आले. मुलगा सुताच्या कारखान्यात मशीनवर आहे. मी चौथी शिकलेली. वाचता येतं आणि पाढे येतात, एवढं शिक्षण मला आजवर पुरलं.

मुलाचं लग्न झालं. सून नंदुरबारकडची. पॅकिंगच्या खात्यात तिलाही काम मिळालं. वर्षभरात तिच्या पोटाचं दुखणं सुरू झालं. जेवली की पोट फुगायचं, टिचकी मारली तर वाजेल असं. जुलाब व्हायचे, डोकं जड व्हायचं, उभ्या उभ्या बोललेलं विसरायची. डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, जंतांच्या दिल्या. उपयोग शून्य. मुलगा म्हणायला लागला, "काम टाळायचं सोंग आहे." मीही तेच म्हणत होते. आता लिहिताना ते झाकण्यात अर्थ नाही.

एक मात्र माझ्या लक्षात आलं. भात खाल्ला तर ती बरी असायची, पोळी खाल्ली की आडवी व्हायची. कटकट नको म्हणून मी तिची पोळी बंद केली. खेरडीच्या बाजारातून नागली, म्हणजे नाचणी, आणली, गावाकडून ज्वारी मागवली आणि तिच्यासाठी वेगळी भाकरी थापायला लागले. दोन महिन्यांत तिचं पोट बरंच उतरलं. पण आमच्या चाळीत त्याचा वेगळाच अर्थ निघाला. शेजारीण नळावर सगळ्यांसमोर म्हणाली, "स्वतः पोळ्या खाते आणि सुनेला भाकरी घालते." मी तिला म्हटलं, "तुझ्या सुनेला तू काय घालतेस, ते मी विचारते का?" तेवढ्यावर ती गप्प झाली. चाळ मात्र गप्प झाली नाही.

मुलाचं डोकं तर आणखीनच फिरलं. म्हणाला, "बघ माय, मनासारखं झालं की पोट बरं. एकदा रक्त तपासू. रिपोर्ट साफ आला की तिच्या बापाला सांगतो, पोरगी घेऊन जा." आणि नुसतं बोलून थांबला नाही. व्याह्यांना फोन करून तसं सांगूनही टाकलं. सून तेव्हा भांडी घासत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही.

म्हणून मी तिला माझ्याच लॅबमध्ये नेलं. आमच्या मॅडम नाशिककडच्या, मराठी बोलणाऱ्या. त्या रक्ताच्या डॉक्टर आहेत. मशीन चालवणारे टेक्निशियन वापीचे, पन्नाशीचे, मला मासी म्हणतात. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मावशी, गव्हाचा त्रास दोन-तीन तऱ्हेचा असतो. एकात गहू पोटात गेला की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं. त्याला सिलिॲक म्हणतात. दुसरी गव्हाची ॲलर्जी. दोन्हीच्या खुणा रक्तात सापडतात. बघू या."

टेक्निशियनभाईंनी फॉर्म भरला. सुनेला विचारलं, "गव्हाची रोटी रोज खाता ना?" ती म्हणाली, "हो." त्यांनी खूण केली. मी दाराशी बादली घेऊन उभी होते. मला वाटलं, आधीचं विचारत असतील.

आठवडाभराचे नमुने साठले की त्या टेस्टची प्लेट लावतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा ती नीट बघितली. तळहाताएवढी प्लॅस्टिकची ताटली आणि तिच्यात बारीक बारीक वाट्या. एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला बारा. आठ बारे शहाण्णव, मी मनात म्हटलं. बोटाचं पेर जाणार नाही इतक्या लहान.

"मासी, इथे या," भाई म्हणाले. "या वाटीच्या तळाला आधीच एक चीज चिकटवलेली असते, डोळ्याला दिसत नाही. माणसाच्या रक्तात तिच्याशी लढणारे असतील तर ते तिला जाऊन धरतात. मग आपण धुतो. ज्यांनी धरलंय ते राहतात, बाकीचे वाहून जातात. मग रंग."

रंग टाकल्यावर काही वाट्या हळूहळू निळ्या होत गेल्या. काही तशाच राहिल्या. मग भाईंनी दुसरं काही तरी टाकलं आणि निळ्याचं पिवळं झालं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो, हे मी जन्मभर बघत आले. त्यात कधी काही विशेष वाटलं नाही. पण इथे एका माणसाच्या अंगात कोण कुणाशी लढतंय ते वाटीत रंग होऊन वर येत होतं. त्या माणसाला स्वतःला ठाऊक नसलेलं. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. भाई म्हणाले, "मासी, पोछा सुकून गेला."

सुनेची वाटी पाण्यासारखी राहिली. ॲलर्जीची टेस्टही तशीच. रिपोर्ट साफ.

मुलाने तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात घातला. "आता बोल," मला म्हणाला. जे मशीन शहाण्णव माणसांच्या पोटातलं एका वेळी सांगतं, त्यापुढे मी कोण?

दुसऱ्या दिवशी मॅडमचं टेबल पुसताना म्हटलं, "तुमचं मशीन म्हणालं सून धडधाकट आहे. रविवारी तिचा बाप न्यायला येतोय."

मॅडम लिहीत होत्या. "बरं," म्हणाल्या. मग थांबल्या. "मावशी, ती पोळी खात होती ना?"

"कुठली पोळी? दोन महिने भाकरीवर आहे. मीच थापते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. फॉर्म काढून माझ्यासमोर धरला. "इथे तर रोज खाते म्हणून लिहिलंय."

मी घरी गेले आणि सुनेला धारेवर धरलं. "खोटं का बोललीस गं?"

"आई, तुम्ही दारातच उभ्या होतात. तुमच्या कामाच्या ठिकाणी कसं सांगू, सासू पोळी देत नाही म्हणून? चाळीत काय कमी बोलतात?"

मी तिला मूर्ख म्हटलं. तिला तिच्या बापाच्या घरी धाडायला निघाले होते सगळे आणि ही माझी अब्रू सांभाळत बसलेली. यावर काय करायचं असतं ते मला कळलं नाही. मी तिला चहा करायला सांगितलं.

मॅडमनी मला समजावलं ते असं. गहू पोटात येत राहतो तोवर ते लढणारे रक्तात असतात. गहू बंद झाला की हळूहळू कमी होतात, एक दिवस दिसेनासे होतात. तेव्हा तपासलं तर मशीनला काय दिसणार? मशीन खोटं बोललं नव्हतं. आम्ही त्याला चुकीच्या दिवशी विचारलं होतं. "आता सहा आठवडे तिने रोज पोळी खायची," मॅडम म्हणाल्या. "त्रास झाला तरी, झेपेल तेवढी. मग परत तपासू."

त्याच दिवशी त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. घरून थोडी कणीक आणायला लावली, लहान गोळा घट्ट मळायला लावला आणि म्हणाल्या, "आता नळाखाली धुवा. धूतच राहा." मी धूत राहिले. पांढरं पाणी वाहून गेलं, गोळा लहान लहान होत गेला. मला वाटलं शेवटी हात रिकामा होईल. पण हातात उरला एक करडा, रबरासारखा गोळा. ओढला तर ताणला जायचा, सोडला की परत आकसायचा. "हे ग्लूटेन," मॅडम म्हणाल्या. "पोळी तुटत नाही ती याच्यामुळे. भाकरीच्या पिठात हे नसतं, म्हणून ती थापावी लागते." लहानपणापासून मी कणीक मळत आले. किती गोळे या हातांतून गेले असतील. आत हे बसलेलं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी धुऊन बघितलं नव्हतं.

ते सहा आठवडे मी पोळ्या लाटून सुनेच्या ताटात वाढल्या. रविवारी येणाऱ्या व्याह्यांना मीच फोन करून थांबवलं. "टेस्ट चुकली, परत करायची आहे," एवढंच सांगितलं. सुनेचं पोट चौथ्या दिवशी पुन्हा वर आलं. कारखान्यात दोनदा खाडे झाले. ती रडली नाही, पण पोळीचा तुकडा हातात घेऊन बघत बसायची. अथालवरून तिची मैत्रीण भेटायला आली, ती म्हणाली, "अगं, नको खाऊस ना!" सून म्हणाली, "खाल्लं नाही तर सापडणार कसं?"

सहा आठवड्यांनी परत प्लेट लागली. मी बाजूलाच उभी. निळं झालं, पिवळं झालं, बाजूच्या वाट्यांत. सुनेच्या वाटीत काही नाही. आणखी एक जुनी टेस्ट मॅडमनी मुद्दाम लावली होती, तिच्यात अगदी फिकट पिवळी झाक आली. मी पुढे वाकले. "आली ना? ही बघा, आली!"

मॅडमनी मान हलवली. "ही झाक धडधाकट माणसातही येते, मावशी. हिच्यावर मी काही लिहिणार नाही. सिलिॲक नाही. ॲलर्जी नाही. पण सिलिॲक नसतानाही गव्हाने त्रास होणारी माणसं असतात. बहुतेक तिचं ते असावं."

"मग त्याची टेस्ट लावा."

"त्याची रक्ताची टेस्ट नाही. अजून कुणाला पक्की खूण सापडलेली नाही."

मला रागच आला. "मग एवढी मशिनं कशाला मांडून ठेवलीत?"

"काय नाही ते सांगायला," मॅडम हसून म्हणाल्या. "तेही लहान काम नाही."

मग त्यांनी जे सुचवलं ते मला आधी पोरखेळ वाटलं. सुनेने थोडे दिवस गहू सोडायचा. मग एक आठवडा एका डब्यातले बेसनाचे लाडू खायचे, मध्ये एक आठवडा काही नाही, मग दुसऱ्या डब्यातले. एका डब्यातल्या लाडवांत त्या रबरी गोळ्याची सुकी भुकटी, बेकरीवाले वापरतात ती. दुसऱ्यात नाही. कुठल्यात ते सुनेला ठाऊक नसायचं.

"मी वळते लाडू," मी म्हटलं.

"नाही. तुम्हालाही ठाऊक नको. तुम्हाला कळलं तर तुमच्या तोंडावर दिसेल, आणि तिला वाचता येईल."

मी हसले. "हात लागला तरी मला कळेल, लाडवात गहू आहे की नाही."

"म्हणूनच तुमचा हात नको," मॅडम म्हणाल्या.

लाडू मॅडमच्या आईने वळले. डब्यांना मॅडमनी एक निळी आणि एक लाल चिकटपट्टी लावली, पण कुठल्यात काय, ते त्यांच्या आईने एका कागदावर लिहून पाकिटात बंद केलं. म्हणजे मॅडमनासुद्धा ठाऊक नाही. पाकीट लॅबच्या कपाटात राहिलं. ते कपाट मी रोज पुसते. किल्ली दाराच्याच खुंटीवर असते. मला वाचता येतं. पाकिटाचा डिंक वाफेवर सुटतो हेही मला माहीत आहे. भाई रोज पाकिटावरून मला त्यांच्या गुजरातीत चिडवायचे, "मासी, कवरने हाथ नहीं लगाडवानो, हं के!" मी म्हणायचे, "तुमचाच हात बघा आधी." पण त्या तीन आठवड्यांत मी जितक्या वेळा ते कपाट पुसलं तितक्या वेळा माझी बोटं कडीवर थांबली.

घरी माझ्याकडे वहीचं काम होतं. रोज सकाळी आणि संध्याकाळी शिंप्याच्या टेपने सुनेचं पोट बेंबीवरून मोजायचं. किती वेळा शौचाला गेली ते लिहायचं. पोट किती दुखतं, डोकं किती जड आहे, हे तिने शून्य ते दहात सांगायचं आणि मी तोच आकडा लिहायचा, माझं मत घालायचं नाही. हे शेवटचं मला जड गेलं.

निळा डबा आधी. पहिल्याच दिवशी सून म्हणाली, दुखतंय. सहा. दुसऱ्या दिवशी पाच. मुलगा म्हणाला, "गहू यातच आहे, बघ." तिसऱ्या दिवशी दोन, मग शून्य. टेपचा आकडा आठवडाभर हलला नाही. मला काही उमजेना. मधला आठवडा गेला. लाल डबा उघडला. पहिल्या दिवशी काही नाही. ती म्हणाली, "आई, हा नक्की साधा लाडू आहे, मला छान वाटतंय." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेप दोन बोटं पुढे गेला. तिसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या दिवशी तिने कारखान्यात एकच खोकं दोनदा बांधलं आणि सुपरवायझरचा ओरडा खाल्ला. आकडे सात, आठ, आठ.

"दोन्हीत दुखलंच ना," मुलगा म्हणाला. "मग सोंगच झालं."

मी त्याला म्हटलं, "उद्या लॅबमध्ये चल. पाकीट तुझ्यासमोर फोडतील."

मॅडमनी पाकीट टेबलावर ठेवलं, पण फोडलं नाही. वही मुलाच्या हातात दिली. "तुम्ही रोज मशीनवर धाग्याच्या जाडीचे आकडे बघता ना? तसेच हे बघा. बायको विसरा. सांगा, कुठल्या डब्यात गहू आहे?"

तो वाचायला लागला. आधी भराभर, मग सावकाश. बोट ओळीवर ठेवून. त्याने निळ्या डब्याची पानं परत मागे जाऊन बघितली. सून माझ्या शेजारी बसली होती, तिचे दोन्ही हात मांडीखाली. पंखा फिरत होता आणि पलीकडच्या खोलीत ते गोल मशीन नळ्या फिरवत होतं.

"पहिल्यात नुसतं तोंडाने दुखलंय," तो शेवटी म्हणाला. "टेप हललाच नाही. भीतीने दुखलं असेल." मग वही मिटून म्हणाला, "दुसऱ्यात. लाल."

मॅडमनी पाकीट फोडलं आणि कागद न वाचताच त्याच्यापुढे सरकवला. बाईच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, लाल डबा गव्हाचा, निळा साधा.

त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमना नाही, मला नाही, सुनेला तर नाहीच, उलट ती लाल लाडू साधा म्हणून खात होती. लाखोंची मशिनं गप्प राहिली होती. तिच्या पोटाला मात्र ठाऊक होतं, आणि आम्ही ते शिंप्याच्या टेपने वाचलं.

मॅडम म्हणाल्या, यावर मशीनमधून कागद निघणार नाही, मी हाताने लिहून देते. त्यांनी लिहिलं, की गहू बंद ठेवायचा, मैदा-रवाही नको, बाजारचा हिंग घेताना बघून घ्यायचा कारण त्यात कणीक मिसळतात, आणि वर्षाने परत बघू, काहींचं कमीही होतं. खाली सही केली. मुलाने तो कागद घडी न करता हातात धरून घरापर्यंत आणला.

घरी आल्यावर त्याने सासऱ्यांना फोन लावला आणि बोलताच येईना. "मामा, ते... न्यायला..." एवढंच. मी फोन घेतला.

"व्याही, यायचं तर चार दिवस राहायला या. न्यायला येऊ नका."

"रिपोर्टमध्ये काय निघालं?"

"रक्तात काही निघालं नाही. पण गव्हानेच होतं. तुमच्या जावयाने स्वतः ओळखलं."

मग त्यांनी हळू विचारलं, "म्हणजे पोरगी सोंग करत नव्हती?"

"नव्हती," मी म्हटलं. "सोंग म्हणणाऱ्यांत मीही होते. माझं चुकलं." आणि फोन सुनेच्या हातात दिला.